प्रशिक्षकांचा आपसांतील ज्ञानव्यवहार : गिरणीतील जॉबर ते व्यावसायिक प्रशिक्षक
(इन्सुली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा)

सारांश

उद्योगातील प्रशिक्षणाचा इतिहास सामान्यतः संस्थांच्या स्थापनावर्षांच्या आधारे लिहिला जातो. शिकविणारी माणसे एकमेकांकडून काय शिकली, कोठे शिकली व कोणत्या भाषेत शिकली, हा प्रश्न त्यात बहुधा येत नाही. सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली व तिच्या आसपासच्या गावांतून मुंबईच्या कापडगिरण्यांत गेलेल्या मनुष्यबळाचा संदर्भ घेऊन प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे. मराठी शालापत्रक, गिरणीतील जॉबर व गावकऱ्यांची खोली, 'किर्लोस्कर खबर' आणि स्वातंत्र्योत्तर काळातील प्रशिक्षकांच्या व्यावसायिक संघटना या टप्प्यांतून तो मांडला आहे.

बीजसंज्ञा : प्रशिक्षण, जॉबर, गावकरी खोली, व्यवसायज्ञान, मराठी परिभाषा, गिरणगाव, इन्सुली.

प्रस्तावना

इन्सुली हे मुंबई-गोवा महामार्गावरील, बांद्यालगतचे गाव. बाहेरच्या माणसाला ते घाटामुळे किंवा तपासणी नाक्यामुळे ठाऊक असते. नाका ओलांडून बांदा मागे टाकले की थोड्याच अंतरावर पत्रादेवी, म्हणजे गोवा. आज येथील तरुण सकाळी दुचाकीवरून गोव्यातील औषधनिर्मितीच्या कारखान्यांत, हॉटेलांत आणि २०२३ पासून नियमित सुरू झालेल्या मोपा येथील विमानतळावर कामाला जातात. यापैकी बहुतेक ठिकाणी कामावर रुजू होताच 'इंडक्शन' नावाचे प्रशिक्षण असते. एक प्रशिक्षक येतो, पडद्यावर चित्रे दाखवितो, दोन खेळ घेतो, प्रमाणपत्र देतो. हाच प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीत हेच खेळ घेत असतो. हे खेळ त्याने कोठून घेतले, असे विचारले तर तो हसून 'आमच्यात चालते ते' असे सांगतो.

'आमच्यात' या शब्दाने प्रस्तुत लेखकाचे कुतूहल जागे झाले. प्रशिक्षकांचा आपला असा एक समुदाय आहे. त्यात उदाहरणे, सराव, प्रश्नावल्या, चुका आणि तोडगे यांची देवाणघेवाण होते. व्यवस्थापनशास्त्रात अशा समुदायाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जीन लेव्ह व एटियन वेंगर यांनी १९९१ मध्ये नवशिका माणूस व्यवसायाच्या कडेवरून हळूहळू मध्यभागी कसा येतो याची मांडणी केली, तेव्हापासून 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' ही संज्ञा रूढ झाली. तथापि संज्ञा नवी असली तरी वस्तुस्थिती नवी नाही. इन्सुलीतल्या माणसांना ती या संज्ञेपूर्वी दोन-तीन पिढ्या तरी परिचित होती. फक्त तिला त्यांच्याकडे 'खोली' म्हणत.

अध्यापकांचा लिखित व्यवहार

गिरणीकडे वळण्यापूर्वी एका जुन्या उदाहरणाची नोंद आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचनाला तुलनेचा आधार तेथून मिळतो.

शिकविणाऱ्यांना शिकविण्याची आधुनिक सोय मुंबई इलाख्यात प्रथम झाली ती शाळामास्तरांसाठी. १८२६ मध्ये मराठी व गुजराती शाळांसाठी तयार केलेले २४ शिक्षक निरनिराळ्या जिल्ह्यांत पाठविण्यात आले. पुढे १८४५ मध्ये मुंबईस शिक्षकांसाठी नॉर्मल वर्ग निघाला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. जांभेकर हे पोंभुर्ल्याचे, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्याचे. 'दर्पण'कार म्हणून त्यांचा गौरव सर्वत्र होतो, पण प्रशिक्षकांचा प्रशिक्षक ही त्यांची ओळख जिल्ह्यातही फारशी सांगितली जात नाही. त्यांना या कामासाठी वर्षभराचाच काय तो अवधी मिळाला. १८४६ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले.

तयार झालेला मास्तर खेड्यात जाऊन पडला की त्याचा समव्यवसायिकांशी संबंध तुटे. ही अडचण भरून काढण्यास शिक्षण खात्याच्या आश्रयाने 'मराठी शालापत्रक' उपयोगी पडले. १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकर व पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते चालविले. शिक्षकवर्गाला मराठीतून ज्ञान पुरविणारे पत्र म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या पत्राची आज आठवण निघते ती मुख्यतः विष्णुशास्त्र्यांनी त्यात संस्कृत कवींवर लिहिलेल्या निबंधांमुळे. कालिदास, भवभूती, बाण यांच्यावरील लेखन हा मराठी समीक्षेचा ठेवा आहे यात शंका नाही. परंतु चाळीस पोरांच्या एकाच खोलीत चार इयत्ता कशा सांभाळाव्यात, हा मास्तराचा प्रश्न त्या ठेव्याखाली झाकला गेला. मराठीत व्यावसायिकांचे पत्र निघते आणि बघता बघता त्याचे वाङ्मयीन मासिक होते, हा क्रम पुढेही आढळतो.

गिरणी, जॉबर आणि गावकऱ्यांची खोली

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. त्यानंतरच्या अर्धशतकात गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांना लागणारे मनुष्यबळ फार मोठ्या प्रमाणावर कोकणातून आले. गिरणी कामगारांच्या जन्मस्थानाच्या नोंदींत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सावंतवाडी हे १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते. त्यामुळे इन्सुली, बांदा, माजगाव या गावचा माणूस त्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला नव्हताच. विलीनीकरणानंतर तो रत्नागिरीचा झाला आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आल्यावर सिंधुदुर्गचा. गाव जागच्या जागी राहिले आणि कागदावरचा पत्ता दोनदा बदलला. 'रत्नागिरीचे कामगार' या शीर्षाखालील आकड्यांवरून आमच्या गावांविषयी थेट अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

वेंगुर्ले बंदरातून आगबोटीने मुंबईस उतरलेल्या तरुणाला गिरणीतील काम कोण शिकवीत असे? गिरणीत शाळा नव्हती, नवशिक्यांसाठी वेगळा विभाग नव्हता, लेखी सूचना नव्हत्या. असत्या तरी वाचणारे थोडे होते. साचेखात्यात एकाच वेळी शेकडो साचे चालू असताना शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नसे. अशा ठिकाणी शिकविणे म्हणजे हाताने दाखविणे. आणि हे दाखविण्याचे काम ज्याच्याकडे होते तो जॉबर.

इतिहासलेखनात जॉबरची प्रतिमा बरीचशी काळी आहे. तो कामगार भरती करी, हजेरी घेई, बदलीवाल्यांतून कोणाला आज आत घ्यायचे ते ठरवी, उसने पैसे देई आणि या सर्वांबद्दल दस्तुरी घेई. १९२९ मध्ये नेमलेल्या व १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने त्याच्या या सत्तेवर कडक टीका केली आणि भरतीचे काम त्याच्याकडून काढून श्रम अधिकाऱ्याकडे द्यावे, अशी शिफारस केली. ही टीका अयोग्य नव्हती. पण ती वाचताना जॉबर हा त्या खात्यातील एकमेव प्रशिक्षक होता, ही बाब नजरेआड होते. मॉरिस डी. मॉरिस व राजनारायण चंदावरकर यांच्या ग्रंथांत (अनुक्रमे १९६५ व १९९४) जॉबरच्या अधिकाराची चर्चा सविस्तर आहे; चंदावरकरांनी तर जॉबर हा सर्वसत्ताधीश नसून मोहल्ल्यातील संबंधांवर अवलंबून असलेला मध्यस्थ होता, हे समर्थपणे दाखविले आहे. त्यांच्या या मांडणीला शिकविण्याचा एक पदर जोडावा, एवढाच प्रस्तुत लेखकाचा प्रयत्न आहे.

जॉबर स्वतः कोणाकडून शिकला? त्याच्या वरच्या वीव्हिंग मास्तराकडून काही प्रमाणात. हा मास्तर प्रारंभी अनेकदा लँकेशायरचा इंग्रज असे व पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेला एतद्देशीय. परंतु मास्तराची विद्या इंग्रजीत आणि आकृत्यांत होती. धागा वारंवार का तुटतो, पावसाळी हवेत सूत कसे वागते, एखाद्या साच्याची खोड कोणती, हे ज्ञान एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आणि एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत गेले ते गिरणीबाहेर, गावकऱ्यांच्या खोलीत.

लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी या भागांतील चाळींत एकेका गावाने भाड्याने धरलेल्या खोल्या होत्या. गावातून आलेल्या पुरुषाने मासिक वर्गणी द्यावी, आपली ट्रंक भिंतीला लावावी आणि आपल्या पाळीनुसार झोपावे. दिवसपाळीचे लोक बाहेर पडले की रातपाळीचे येत. जेवण बहुधा खानावळीत. खोलीचे नियम कडक असत आणि ते मोडणाऱ्याची वार्ता पुढच्या डाकेने गावी पोहोचे. या खोलीत एकाच गावचे, पण चार वेगवेगळ्या गिरण्यांत काम करणारे लोक एकत्र येत. एकाच्या गिरणीत नवे यंत्र बसले की त्याची हकीकत त्याच रात्री खोलीत सांगितली जाई. नव्या पोराला दोरा हातात देऊन गाठ कशी मारायची हे चटईवर बसून शिकविले जाई, म्हणजे गेटवर बदलीसाठी उभे राहिल्यावर जॉबरने आत घेतलेच तर त्याची फजिती होऊ नये. गिरणीतील गोंगाटात जे बोलता येत नव्हते ते येथे बोलता येई.

प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी, म्हणजे गिरण्या जवळजवळ संपल्यानंतर, गणपतीत आणि शिमग्यात घरी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात हे पुष्कळदा येई. एखादा आजोबा दुसऱ्याला म्हणे, 'तुमचो साचो आमच्यापेक्षा बरो व्हतो, तुमचो जॉबर समजावन सांगी.' त्यावर दुसरा आपल्या जॉबरने न समजावता कसे शिकविले ते सांगे. आम्हा मुलांना ती भांडणे वाटत. आज विचार करता दोन प्रशिक्षणपद्धतींची ती तौलनिक चर्चा होती असे म्हणावे लागते, आणि अनेक चर्चासत्रांपेक्षा ती अधिक मुद्देसूद होती.

सीमेपलीकडील गोव्यातही याच स्वरूपाची व्यवस्था होती. गोव्यातील ख्रिस्ती गावांनी मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत 'कूड' स्थापन केले होते. बोटीवर खलाशी, खानसामा किंवा वादक म्हणून जाणारे लोक दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे उतरत. कोणत्या बोटीवर कोणते काम, कप्तान कसा, भटारखान्यात काय लागते, ही माहिती कुडात मिळे. इन्सुलीची गावकरी खोली आणि पेडणे-बार्देशचा कूड यांचे धर्म व व्यवसाय भिन्न असले तरी कार्य एकच होते. पोर्तुगीज राज्याची सरहद्द या दोन व्यवस्थांच्या मधून जात होती. मुंबईत त्यांच्यामध्ये काही रस्त्यांचेच अंतर होते. दोहोंचा एकत्रित अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे.

खोलीच्या दाराबाहेर कोण राहिले

या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. खोली गावाची म्हणवली तरी ती सर्व गावाची नव्हती. गावात ज्यांची वस्ती वेगळी त्यांची मुंबईतही खोली वेगळी. आणि ज्ञान जर खोलीतून जात असेल, तर खोलीचे दार हेच ज्ञानाचेही दार ठरते.

याचा सर्वांत बोलका पुरावा साचेखात्यात सापडतो. विणकाम हे कताईपेक्षा अधिक मजुरीचे काम होते. धोट्यातील कांडी बदलल्यावर नवा धागा डोळ्यातून बाहेर काढण्यासाठी विणकर तो तोंडाने ओढीत असे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या जातींतील कामगारांना साचेखात्यात प्रवेश नव्हता. त्यांना रिंगखात्यासारख्या कमी मजुरीच्या विभागांत राहावे लागे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार चळवळीच्या नेत्यांपुढे स्पष्टपणे मांडला. येथे प्रशिक्षणाच्या दृष्टीने अर्थ असा की विणकाम शिकण्यास लागणारे यंत्र, शिक्षक व सहकारी या तिन्हींपासून एका समाजाला दूर ठेवले गेले होते. त्याला काम येत नाही म्हणून ठेवत नाहीत, आणि ठेवत नाहीत म्हणून काम येत नाही.

स्त्रियांची स्थिती निराळी पण तितकीच बोलकी आहे. त्या वाइंडिंग व रिळे करण्याच्या खात्यांत होत्या. त्या खात्यात त्यांची आपसांतील शिकवण निश्चितच असणार, पण गावकरी खोली ही पुरुषांची असल्याने ती शिकवण चाळीच्या गॅलरीत आणि नळावर झाली व इतिहासाच्या साधनांत जवळजवळ उतरलीच नाही. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासामुळे कामगार स्त्रियांचे आवाज काही प्रमाणात ऐकू आले. व्यवसायज्ञानाच्या अंगाने असे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.

ज्ञान हातचे न सोडण्याची प्रवृत्ती कोणा एका समाजाची नसते हे सांगण्यासाठी सावंतवाडीतील चितारी कारागिरांचा उल्लेख येथे करावासा वाटतो. गंजिफा रंगविण्याची कला कुटुंबांत राहिली व मागणी आटताच विसाव्या शतकाच्या मध्यास ती मोजक्या वृद्ध हातांत उरली. श्रीमंत शिवरामराजे व राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी ती शिकून घेऊन राजवाड्यात नव्या लोकांना शिकविण्याची व्यवस्था केली, म्हणून ती टिकली. साचेखात्यातील विद्येला असा राजाश्रय मिळण्याचे कारण नव्हते.

वर्गातील प्रशिक्षण

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, आणि ते बदलण्यास कारण झालेली कल्पना मूळ अमेरिकेतील होती. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत एकाएकी अननुभवी कामगार भरावे लागले, तेव्हा १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम तेथे सुरू झाला. पाच वर्षांत सोळा लाखांहून अधिक पर्यवेक्षक त्यातून बाहेर पडले. त्यातील काम शिकविण्याचा भाग चार पायऱ्यांचा होता. प्रथम शिकणाऱ्याची भीती घालवावी, मग काम करून दाखवावे व त्यातील कळीचे मुद्दे सांगावेत, मग त्याच्याकडून करवून घ्यावे आणि शेवटी त्याला एकटे सोडून अधूनमधून पाहावे. शिकणाऱ्याला आले नाही तर दोष शिकविणाऱ्याचा, हे या पद्धतीचे गृहीत होते. युद्धानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ही पद्धत अनेक देशांत नेली व १९५० च्या दशकात ती आपल्याकडील कापडउद्योगातही आली.

या चार पायऱ्या वाचताना चटईवर गाठ शिकविणारा गावकरी डोळ्यांसमोर येतो. पद्धतीत फारसे अंतर नव्हते. अंतर असे की अमेरिकेत ती खिशात मावेल एवढ्या छापील पत्रिकेवर आली होती. पत्रिका एका हातातून अनोळखी हातात जाऊ शकते. खोलीतील शिकवण ओळखीच्या माणसाबाहेर जात नाही. जॉबरच्या हातातील विद्या पत्रिकेवर उतरविण्याचे काम मराठीत झाले असते, तर जातीचा व गावाचा उंबरठा ओलांडण्याची थोडी तरी शक्यता निर्माण झाली असती.

पुढील पंधरा-वीस वर्षांत संस्थांची उभारणी वेगाने झाली. रिझर्व्ह बँकेने १९५४ मध्ये मुंबईस बँकर्स ट्रेनिंग कॉलेज काढले. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद, १९६३ मध्ये पवईची 'निटी' (जी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली), १९६६ मध्ये पुण्यातील टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर, १९६९ मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन आले. प्रशिक्षण हा आता स्वतंत्र पेशा झाला होता, आणि पेशा झाला म्हणजे पेशेवाल्यांची संघटना येते. १९७० मध्ये दिल्लीत इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटची स्थापना झाली. मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या आणि तिचे नियतकालिकही निघू लागले. १९७५ च्या सुमारास उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, तो देशातील या प्रकारचा पहिला मानला जातो. त्याच प्रवाहातून १९८५ मध्ये नॅशनल एचआरडी नेटवर्क आले. 'नेटवर्क' हा शब्दच सांगतो की संस्थेपेक्षा संबंध महत्त्वाचे मानले जात होते.

शाखेच्या मासिक सभेत एका कंपनीचा प्रशिक्षक दुसऱ्या कंपनीच्या प्रशिक्षकाला आपला अनुभव सांगतो, सरावाचा मसुदा देतो, नोकरीची वार्ता देतो. गावकरी खोलीचेच हे शहरी, सुशिक्षित रूप होय. वर्गणी आहे, नियम आहेत, दार आहे. फक्त दारावरची पाटी इंग्रजीत आहे.

'खबर' आणि मराठीचा प्रश्न

हे सारे मराठीत होणे शक्यच नव्हते असे मात्र नाही. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० च्या जानेवारीत 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांनी चालविलेले हे पत्र आरंभी कारखान्याचे गृहपत्र होते. एका खेड्यातील माळावर उभ्या राहिलेल्या कारखान्याला आपल्या वापरणाऱ्यांशी व विक्रेत्यांशी मराठीत बोलावेसे वाटले, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट होती. पण शालापत्रकाचे झाले तेच येथेही झाले. काही वर्षांत नावातील 'खबर' गेले आणि 'किर्लोस्कर' हे मध्यमवर्गीय घरांतील प्रतिष्ठित मासिक बनले. मराठी समाजाला त्यातून एक उत्तम मासिक मिळाले. नांगराचा फाळ बदलण्याविषयी दोन गावच्या लोहारांनी एकमेकांना लिहावे, अशी जागा मात्र राहिली नाही.

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने व्यवस्थापनासह विविध विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. ते परिश्रमपूर्वक झालेले काम आहे. परंतु कोशातील शब्द आणि कारखान्यातील शब्द यांची गाठ पडली नाही. गिरणीने साचा, धोटा, पाळी, बदली, खाते, हजेरी, खाडा असे शब्द आपल्यापुरते निश्चित केले होते आणि लाखो माणसे ते अचूक वापरीत होती. प्रशिक्षणाची परिभाषा घडविताना या भांडाराकडे वळण्याऐवजी आपण संस्कृत धातूंकडे वळलो. याबाबत प्रस्तुत लेखकाचे मत काहींना एकांगी वाटेल, पण सूक्ष्म अर्थभेद करणारा शब्द हा वापरणाऱ्यांच्या तोंडी आधी असतो, ही गोष्ट भाषाभ्यासकांस नव्याने सांगण्याची गरज नाही.

संप आणि त्यानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. या घटनेच्या आर्थिक व राजकीय परिणामांवर विपुल लेखन झाले आहे. ज्ञानाच्या दृष्टीने जे घडले ते असे : शिकविणारा आणि शिकणारा एकाच वेळी गावी परतला, आणि ज्या यंत्रावर शिकवायचे ते मुंबईत भंगारात गेले. इन्सुलीसारख्या गावांत चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे, हाताला विलक्षण जलद असलेले पुरुष काजूच्या बागेत आणि भाताच्या कोपऱ्यात बसलेले दिसू लागले. त्यांची विद्या कोणाला नको होती. त्याच दशकात शहरी प्रशिक्षकांचा पेशा सर्वाधिक वेगाने वाढत होता, हा योगायोग मानायचा की कसे, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन्ही समुदाय एकाच शहरात, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मजल्यांवर होते; त्यांची भेट झाल्याचे दिसत नाही.

भेट होऊ शकते, हे दुसरीकडे दिसून आले आहे. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या छायाप्रत-यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांमध्ये राहून अभ्यास केला व तो १९९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कंपनीच्या छापील पुस्तिकेत नसलेल्या बिघाडांची उत्तरे हे तंत्रज्ञ जेवणाच्या वेळी एकमेकांना गोष्टींच्या रूपाने सांगतात, असे त्याला आढळले. या निरीक्षणाच्या मागोमाग कंपनीने तंत्रज्ञांनीच लिहिलेल्या व तंत्रज्ञांनीच तपासलेल्या तोडग्यांचा 'युरेका' नावाचा संग्रह उभा केला. त्याची सुरुवात फ्रान्समधील तंत्रज्ञांपासून झाली. तोडग्याबद्दल पैसे द्यावेत की काय अशी चर्चा निघाली, तेव्हा तंत्रज्ञांनी पैशांऐवजी तोडग्याखाली आपले नाव असावे, असे सुचविले. मुंबईच्या जॉबरला दस्तुरी मिळाली, नाव कधी मिळाले नाही.

आपल्याकडे एकविसाव्या शतकात प्रशिक्षणाचा विस्तार शासकीय पाठबळाने झाला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने संगणकसाक्षरता तालुक्याच्या गावापर्यंत व बऱ्याच अंशी मराठीतून नेली. २०१५ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास धोरण आले आणि 'प्रशिक्षकांचे प्रशिक्षण' हा शब्दप्रयोग शासननिर्णयांत रुळला. जिल्ह्यात बचतगटांना, काजूप्रक्रिया करणाऱ्यांना, पर्यटकांसाठी घरगुती निवास चालविणाऱ्यांना शिकविणारे लोक आज मोठ्या संख्येने आहेत. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाल्यापासून ही गरज वाढतच आहे. प्रस्तुत लेखकाने अशा एका प्रशिक्षणवर्गास श्रोता म्हणून उपस्थिती लावली होती. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने पाहुण्यांचे स्वागत कसे करावे याचे इंग्रजी चित्रफितीच्या आधारे विवेचन केले. समोर बसलेल्या बायका वर्षानुवर्षे चाकरमान्यांच्या झुंडी गणपतीत सांभाळीत आल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही. मधल्या सुटीत मात्र त्यांच्यात जे बोलणे झाले, वीस माणसांच्या आंघोळीचे पाणी, शाकाहारी पाहुण्याची वेगळी भांडी, पैसे मागण्याची वेळ, ते वर्गातील चार तासांपेक्षा उपयुक्त होते. ते कोणी टिपून घेतले नाही. लेखकानेही त्या दिवशी वही बाहेर काढली नाही.

१९८२ मध्ये पंचवीस वर्षांचा असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. त्याच्यापेक्षा वडीलधारे जॉबर बहुतेक निघून गेले आहेत. इतिहास विभागांत मौखिक साधने गोळा करताना संपाविषयी, पुढाऱ्यांविषयी व घरांच्या सोडतीविषयी प्रश्न विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. त्या प्रश्नावलीच्या शेवटी आणखी काही प्रश्न जोडता येतील. पहिल्या दिवशी तुमचा हात कोणी धरला? गाठ कोणत्या बोटाने मारलीत? खोलीत कोणत्या गिरणीचा माणूस तुमच्या शेजारी झोपत असे आणि त्याच्याकडून काय कळले? तुम्ही स्वतः किती जणांना शिकविले, ते कोणत्या गावचे होते, आणि शिकवायचे नाही असे कोणाला ठरविले होते काय? शेवटचा प्रश्न विचारताना मुलाखतकाराने घाई करू नये, आणि शक्य तर गणपतीच्या सुटीत विचारावा, कारण त्या दिवसांत दोन-तीन म्हातारे एकाच ओटीवर सापडतात व एकाच्या विसरण्यावर दुसरा बोट ठेवतो.